बारा जणांच्या घरगुती पोकरसाठी जुना क्ले संच पुरा करताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. निपाणीच्या घरी मामांनी अमेरिकेहून आणलेल्या जुन्या क्ले चिप्स (पोकरमध्ये पैशांऐवजी लावायच्या चकत्या) आहेत: २५ च्या १६०, १०० च्या १६०, ५०० च्या ६० आणि १००० च्या फक्त २०. दिवाळीत बारा जणांची टूर्नामेंट घ्यायची आहे आणि प्रत्येकाला सुरुवातीला १०,००० द्यायचे आहेत. हजाराच्या चिप्स पुरत नाहीत. म्हणून परदेशातल्या एका विक्रेत्याकडून त्याच बनावटीच्या हजाराच्या शंभर चिप्स मागवाव्यात का, आणि त्या जुन्यांशी जुळतील का, असं तुम्ही विचारलंय.

मागवू नका. तुमच्या संचात हजाराच्या चिप्स कमी नाहीत. कमी आहेत त्या पाच हजाराच्या चिप्स, आणि त्याही फक्त वीस. आणखी वीस घेतल्या तर हरलेल्यांना पुन्हा खेळात घेता येईल. चाळीस चिप्समध्ये तुमचं काम होतं.

हिशेब कागदावर मांडू. बहुतेक लोक १०,००० ची वाटणी अशी करतात: २५ च्या बारा, १०० च्या बारा, ५०० च्या पाच, १००० च्या सहा. म्हणजे ३०० अधिक १२०० अधिक २५०० अधिक ६०००. वाटणी उत्तम आहे, पण बारा जणांना हजाराच्या ७२ चिप्स लागतात आणि तुमच्याकडे २० आहेत. तुम्ही इथे अडलात. आता हजाराच्या त्या सहा चिप्सपैकी पाच काढून घ्या आणि त्यांच्या जागी पाच हजाराची एक चिप द्या. बारा, बारा, पाच, एक आणि एक. बेरीज तीच, १०,०००. बारा जणांना मिळून २५ च्या १४४, १०० च्या १४४, ५०० च्या सगळ्या ६०, १००० च्या १२ आणि ५००० च्या १२ लागतात. तुमच्याकडे जे आहे त्यात पाच हजार सोडून सगळं बसतं.

पाच हजाराची चिप सुरुवातीलाच हातात दिली तर सुटे कमी पडतील, अशी शंका येईल. तसं होत नाही. पहिला ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची लहान आणि मोठी रक्कम; मोठी म्हणजे बिग ब्लाइंड) २५/५० असेल तर उरलेले ५,००० हे शंभर बिग ब्लाइंड होतात, आणि पहिल्या तासात तेवढ्यावर आरामात खेळता येतं. मोठी चिप टेबलावर येते ती ऑल-इनच्या, म्हणजे हातातलं सगळं लावायच्या वेळी, आणि तेव्हा सुटे करायला शेजारी असतोच.

संचाची खरी कसोटी पुढे लागते, लहान चिप्स टेबलावरून उठवून मोठ्या द्यायची वेळ येते तेव्हा. पुष्कळ संच सुरुवातीच्या वाटणीला पुरतात आणि इथे अडकतात. तुमचा संच अडकत नाही, तो कसा ते बघा. तीन फेऱ्यांनंतर (एका ब्लाइंडवर ठरावीक वेळ खेळणं म्हणजे एक फेरी), म्हणजे २५/५०, ५०/१०० आणि ७५/१५० झाल्यावर, २५ च्या चिपला काही काम उरत नाही. टेबलावर २५ च्या १४४ चिप्स आहेत, म्हणजे ३,६०० चा ऐवज. तुमच्याकडे १०० च्या सोळा शिल्लक आहेत, म्हणजे १,६००. वर हजाराच्या दोन द्या. ३,६०० झाले. हजाराच्या आता सहा उरल्या. पुढे १००/२००, २००/३००, २००/४००, ३००/६००, ४००/८०० अशा पाच फेऱ्या झाल्या की १०० च्या चिप्सही उठवायच्या. त्या आता १६० आहेत, म्हणजे १६,०००. हजाराच्या उरलेल्या सहा आणि पाच हजाराच्या दोन दिल्या की १६,००० पुरे. मग ५००/१०००, १०००/१५००, १०००/२०००, १५००/३००० या चार फेऱ्या. त्या संपल्या की ५०० च्या साठ चिप्स उठवा. तो ऐवज ३०,००० चा, त्याबदली पाच हजाराच्या सहा. आता पाच हजाराच्या मोजा: सुरुवातीला बारा, मग दोन, मग सहा. वीस. टेबलावर उरल्या हजाराच्या वीस आणि पाच हजाराच्या वीस, मिळून १,२०,०००, म्हणजे बारा जणांचे पुरते पैसे.

शेवटच्या दोन फेऱ्या २०००/४००० आणि ३०००/६०००. शेवटच्या फेरीत सगळ्या टेबलावर मिळून फक्त वीस बिग ब्लाइंड असतात, म्हणजे डाव फार लांबत नाही. चौदा फेऱ्या वीस-वीस मिनिटांच्या धरल्या तर चार तास चाळीस मिनिटं. जेवणं आटोपून रात्री आठला बसलात तर मधल्या विश्रांत्यांसकट एकच्या सुमारास निकाल लागतो. दिवाळीत एवढं जागरण घरची मंडळीही चालवून घेतात.

दुसऱ्या वीस चिप्स कशाला? बारातला एखादा पहिल्या अर्ध्या तासात बाद झाला तर त्याने पाहुण्यासारखं बसून राहायचं का? पहिल्या विश्रांतीपर्यंत त्याला दुसरी संधी द्या. पाच हजाराच्या दोन चिप्स हातात द्यायच्या, सुटे तो शेजाऱ्याकडून घेईल. वीस चिप्समध्ये अशा दहा संधी देता येतात. फार जणांनी संधी घेतली तर शेवटी ५०००/१०,००० ची फेरी वाढवावी लागेल, एवढंच.

आता हजाराच्या शंभर चिप्सना मी नाही का म्हणतो ते सांगतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत चिपच्या मधल्या कागदी गोलाभोवती उंच टोपी आणि काठी यांची छाप दिसते. ती पॉलसनची खूण आहे. पॉल एन्डी यांनी १९६३ मध्ये लास व्हेगासला सुरू केलेली ही कंपनी. २००२ मध्ये ती बड जोन्स आणि फ्रान्सच्या बूर्गोन्य ए ग्रासे या कंपन्यांबरोबर एकत्र आली आणि गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल झाली. २०१९ पासून तो सगळा उद्योग जपानच्या एंजेल समूहाकडे आहे. चिप्स मेक्सिकोतल्या सान लुईस रिओ कोलोराडोच्या कारखान्यात तयार होतात आणि कंपनी त्या कॅसिनोंना विकते, तुम्हा-आम्हाला नाही. त्यामुळे बाजारात जे फिरतं ते जुनंच असतं, या हातातून त्या हातात गेलेलं.

जुन्या क्ले चिप्सची अडचण अशी की एकाच साच्यातल्या, एकाच किमतीच्या चिप्ससुद्धा वेगवेगळ्या खेपांत वेगळ्या निघतात. नाव क्ले असलं तरी ती नुसती माती नसते. तो मिश्र लगदा उष्णता आणि दाब देऊन साच्यात बसवलेला असतो. कडेवरचे रंगीत पट्टे छापलेले नसतात, वेगळ्या रंगाचे तुकडे त्यात दाबून एकजीव केलेले असतात. खेप बदलली की रंगाची छटा बदलते. वापराने चिपच्या कडा गोल होतात आणि ती पातळ होते. जुन्या काळच्या काही क्ले चिप्सच्या मिश्रणात शिसंही असे, त्यामुळे वजनातही फरक पडतो. मामांच्या चिप्स घरच्या घरी खेळलेल्या, जवळजवळ कोऱ्या. विक्रेत्याच्या शंभर चिप्स कुठे, किती वर्षं घासल्या गेल्या, काय ठाऊक?

आणि खेळात हा फरक नडतो. पोकर खेळणारा समोरच्याच्या चिप्स एक-एक मोजत नाही, चळतीची उंची बघतो. साधारण ३९ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३.३ मिलिमीटर जाडीच्या वीस चिप्सची चळत ६६ मिलिमीटर उंच होते. दर चिपमागे दहावा हिस्सा मिलिमीटर झीज झालेली असेल तर वीस चिप्समध्ये दोन मिलिमीटर जातात, म्हणजे अर्ध्या चिपहून जास्त. दोन चळती शेजारी ठेवून 'बरोबर आहे' म्हणायची सोय उरली नाही की प्रत्येक मोठ्या डावाला मोजणी, आणि मोजणीतून कुरबुर. वजनातला ग्रामभराचा फरक हाताला जाणवतो, पण त्याने खेळ अडत नाही. जाडीतल्या फरकाने अडतो.

म्हणून नियम म्हणून धरा: आहे त्या किमतीत दुसऱ्या घरची चिप मिसळायची नाही. जी किंमत संचात अजिबात नाही, ती मात्र पूर्णपणे वेगळ्या बनावटीची चालते, कारण तिची तुलना दुसऱ्या कशाशी करायचीच नसते. संग्राहक म्हणूनही हे बरं. मामांच्या चारशे चिप्स जशा आल्या तशा एकत्र राहतात, आणि उद्या नेमक्या त्याच मालिकेतल्या, तेवढ्याच वापरलेल्या पाच हजारी मिळाल्या तर आजच्या चाळीस बाजूला काढता येतात. शिल्लक लहान चिप्सवर स्टिकर लावून त्यांची किंमत वाढवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कृपा करून ऐकू नका. मधल्या कागदी गोलाला गोंद लागला की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

आता या चाळीस चिप्स कोणत्या घ्यायच्या?

दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतात त्या ११.५, १३.५ किंवा १४ ग्रॅमच्या प्लॅस्टिकच्या, पोटात लोखंडी चकती असलेल्या. डब्यावर बहुधा 'क्ले' किंवा 'कॅसिनो दर्जा' लिहिलेलं असतं. तुमच्या नऊ-दहा ग्रॅमच्या चिप्सशेजारी त्या जड आणि निसरड्या लागतात, आवाजही टणटणीत येतो. नवा संच घेणाऱ्याला त्या वाईट नाहीत. या संचाजवळ शोभत नाहीत. माझी पसंती सिरॅमिकला. व्यास ३९ मिलिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आसपास, आणि छपाई कडेपर्यंत जाते, त्यामुळे हवं ते चित्र घालून थोड्या संख्येतही करून मिळतात. घेताना खरखरीत पृष्ठभागाच्या मागा. गुळगुळीत सिरॅमिक क्लेच्या चळतीवर ठेवली की सरकते. दाबून केलेली अस्सल क्लेच हवी असेल तर अमेरिकेतली क्लासिक पोकर चिप्स ही कंपनी घरगुती ग्राहकांनाही करून देते. स्पर्श जुन्याच्या सगळ्यात जवळ तिचा, खर्च मात्र बराच जास्त.

कॅसिनोत मोठ्या किमतीच्या चिप्स कधी कधी ४३ मिलिमीटरच्या असतात. घरी ते नको. त्या रॅकमध्ये बसत नाहीत, शिवाय चळतीत मधेच बाहेर डोकावतात.

रंगावर थोडा वेळ घालवा. तुमच्याकडे २५ हिरवी, १०० काळी, ५०० जांभळी आणि १००० पिवळी, म्हणजे अमेरिकन रिवाजाप्रमाणे. काळी आणि गडद जांभळी मंद उजेडात आधीच एकमेकींच्या जवळ जातात, ते आता बदलता येत नाही. पण पाच हजारी नारिंगी घेतलीत तर पिवळ्या बल्बखाली ती हजारीसारखी दिसेल, आणि ती चूक चार हजारांची. गडद निळी, तपकिरी, राखाडी या काळ्या-जांभळ्याच्या बाजूला जातात. मी गुलाबी घेतली असती, नाहीतर फिकट आकाशी, आणि कडेवर मोठे पांढरे पट्टे, म्हणजे चळतीत चुकून शिरली तर लगेच ओळखू येईल. पांढरी मात्र नको, महिन्या-दोन महिन्यांत मळकी दिसते. नमुन्याच्या एक-दोन चिप्स आधी मागवा आणि ज्या खोलीत, ज्या दिव्याखाली खेळणार आहात तिथे रात्री चळतीत घालून टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून बघा. बारातल्या कुणाला रंग ओळखायची अडचण असेल तर त्यालाच बघायला सांगा.

नमुना आला की मोजून घ्या. आपल्या भागात व्हर्नियरसाठी (जाडी-व्यास मोजायच्या साधनासाठी) लांब जावं लागत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री किंवा मशिन शॉपमध्ये काम करणारा कुणीतरी ओळखीचा निघतोच. एकच चिप मोजू नका. वीसची चळत हलक्या हाताने दाबून उंची घ्या, वेगवेगळ्या चार चळतींची घ्या, आणि व्यास दोन दिशांनी घ्या. वजन सराफाच्या काट्यावर वीस-वीसचं करा. मग प्रत्येक चिप काचेवर ठेवून बोटाने फिरवून बघा. भोवऱ्यासारखी गरगरत राहिली तर ती वाकलेली आहे. मामांच्या चिप्सचीही ही तपासणी एकदा करा. २५ च्या वाकलेल्या निघाल्या तर त्या शिल्लक सोळांत टाका.

लहान चिप्स उठवण्याची पद्धत आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या विश्रांतीतच वाद होतो. प्रत्येकाने २५ च्या चार-चार चिप्सचे शंभर करून घ्यायचे. ज्याच्याकडे एक, दोन किंवा तीन उरतील त्याला उरलेल्या प्रत्येक चिपमागे एक उघडं पान वाटायचं, डीलरच्या (पानं वाटणाऱ्याच्या) डावीकडच्या पहिल्या जागेपासून. उरलेल्या सगळ्या चिप्स मिळून जितके शंभर होतात तितक्या मोठ्या पानांना एक-एक शंभराची चिप. एकाला एकापेक्षा जास्त नाही. आणि यात कुणी बाद होत नाही: ज्याच्याकडे शेवटची २५ ची एकच चिप असेल त्याला शंभर द्यायचेच. काही घरी सगळ्यांनाच वर चढवून देतात, सोपं जातं. पण बारा जणांत त्याला १०० च्या बऱ्याच जादा चिप्स लागतात, आणि तुमच्या सोळा आधीच हिशेबात आहेत. म्हणून पानंच वाटा. १०० च्या चिप्स उठवताना ५०० ची जादा चिप हाताशी नसेल, तेव्हा ज्याच्याकडे पाचशेच्या जास्त आहेत त्याच्याकडून दोन घेऊन त्याला हजार द्या, काम चालतं.

तुम्ही सोबत लिहिलंय की पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत गेलेल्या मित्रांनी तिथल्या काही चिप्स आठवण म्हणून आणल्यात आणि त्या पाच हजारी म्हणून वापरता येतील. त्या कपाटात ठेवा. त्यांना त्या कॅसिनोत रुपयांची किंमत आहे. टूर्नामेंटच्या चिपला कसलीच किंमत नसते, आणि नसावी. कर्नाटकात पोलीस कायदा, १९६३ खाली पैसे लावून जुगार खेळणं गुन्हा आहे. निपाणीहून कागलला किंवा बेळगावहून शिनोळीला गेलात की महाराष्ट्राचा १८८७ चा कायदा लागतो, आणि गोव्याचा १९७६ चा आणखी वेगळा. आपण सीमेवरची माणसं, पाहुणे तिन्ही राज्यांतून येतात. प्रवेश फी नको, बक्षिसाला वर्गणी नको. जिंकणाऱ्याला घरच्यांच्या वतीने बेळगावचा कुंदा द्या. पैसे नसले की लोक वाईट खेळतात हे मला पटत नाही. ब्लाइंडची चढण नीट ठेवली आणि दुसरी संधी फक्त पहिल्या तासात दिली तर माणसं जिवाच्या आकांताने खेळतात.

देखभाल. क्ले चिप तेल पिते, म्हणून भडंग आणि चिवडा वेगळ्या टेबलावर, हात धुऊन मगच पानांना हात. जुन्या चिप्समध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे खेळून झाल्यावरही हात धुवावेत आणि लहान मुलांच्या हातात त्या देऊ नयेत. मळल्या तर कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, एका वेळी एकच चिप, आणि लगेच सुती फडक्याने कोरडी. भिजत घालायची नाही, कागदी गोल सुटतो. गरम पाणी आणि ऊन दोन्हींनी चिप वाकते. धुतल्यावर पांढुरकी दिसली तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन फडक्याला किंचित लावून पुसा. खोबरेल तेल लावू नका, ते खवट होतं आणि चिकटतं. निपाणीत पाऊस बेताचा, पण खानापूर-चंदगडच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. संच तिकडे कुणाकडे ठेवायचा असेल तर झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. शंभर-शंभरचे ॲक्रिलिक रॅक स्वस्त पडतात. सागवानी पेटी करून घेणार असाल तर सुताराला खाचेचं माप व्यासापेक्षा मिलिमीटरभर जास्त द्या, आणि पॉलिशचा वास पूर्ण गेल्याशिवाय चिप्स आत ठेवू नका.

मागवण्याची घाई आताच करा. चाळीस चिप्सचं पार्सल जेमतेम चारशे ग्रॅमचं, पण परदेशाहून आलं तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी कुरिअरवाला दारात मागतो, आणि सणाच्या तोंडावर पार्सल अडकतात. आधी दोन नमुने, रंग आणि चळत पसंत पडली की उरलेल्या एकाच खेपेतल्या घ्या, तसं विक्रेत्याला लिहून कळवा. दरम्यान संध्याकाळी सहा जणांना बसवून ही वाटणी एकदा खेळून बघा; पाच हजारीच्या जागी तात्पुरत्या कॅरमच्या सोंगट्या चालतील. पहिल्या विश्रांतीत २५ उठवताना सुटे कुठे अडतात ते लिहून ठेवा आणि मला कळवा, मग बारा जणांसाठी वाटणीत एखादी चिप इकडची तिकडे करू.